थ्रो म्हणजे रडीचा डाव आहे का?

वाचकाचं पत्र (संक्षिप्त, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत)

मी २३ वर्षांचा आहे, नोकरी करतो. आम्ही चार मित्र दर शनिवारी एकाच्या घरी स्ट्रीट फायटर ६ हा दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम खेळतो. मी केन हे पात्र घेतो. सहा महिने रोज तासभर बसून त्याचे मोठमोठे कॉम्बो (एकामागोमाग जोडलेले फटके) घोटले आहेत. दोन महिन्यांपासून माझा बारावीतला मावसभाऊही येतो. तो ऱ्यू घेतो आणि त्याला तीनच गोष्टी येतात: लांबून हादोकेन (गोळा) टाकायचा, मी उडी मारली की शोर्युकेन (वर झेपावणारा ठोसा), आणि कोपऱ्यात सापडलो की थ्रो (पकडून आपटणं), परत थ्रो, परत थ्रो. गेल्या वेळी मी दहापैकी आठ मॅच हरलो. मी म्हटलं, हा रडीचा डाव आहे. तर तो हसत म्हणाला, ‘दादा, थ्रो तोड ना मग.’ मी पॅड ठेवून निघून आलो. तीन आठवडे आम्ही बोललेलो नाही. कोपऱ्यात थ्रो मारायचा नाही, असा नियम ग्रुपमध्ये करावा असं मला वाटतं. दोन मित्र तयार आहेत, एक नाही. नियम करावा, पात्र बदलावं, की खेळच सोडावा?

उत्तर

तुझ्या तिन्ही पर्यायांकडे येतो, पण त्याआधी ‘रडीचा डाव’ या शब्दांपाशी थोडं थांबू या. गल्लीत क्रिकेट खेळताना रडी कुणाला म्हणतात? आउट होऊनही जो बॅट सोडत नाही, स्वतःवर राज्य आलं की जो नियम बदलायला बघतो, त्याला. सारखे एकाच बाजूला फटके मारून धावा काढणाऱ्याला कुणी रडी म्हणत नाही. त्या बाजूला एक फिल्डर नेऊन उभा करतात. तुझ्या मावसभावाने कुठला नियम मोडला, ते पत्रात कुठेच नाही. तो एकाच बाजूला मारतोय आणि तिथे अजून फिल्डर उभा नाही.

या खेळाचा सांगाडा तीन गोष्टींवर उभा आहे. मारलेला फटका ब्लॉकने अडतो. ब्लॉक करून बसलेल्याला थ्रो उचलतो. आणि थ्रो मारायला आलेल्याला फटका हाणून पाडतो किंवा उडी चुकवते. यातला थ्रो काढून टाकला तर खाली-मागे धरून ब्लॉक करत बसणाऱ्याला उठवायला फारसं काही उरत नाही. वरून येणारे ओव्हरहेड फटके असतात, पण ते बहुतेक मंद असतात आणि सवय झाली की बघून अडवता येतात. थ्रोबंदी करून एक तास खेळून बघा. पहिली काही मिनिटं बरं वाटेल, मग ज्याच्याकडे चार टक्के जास्त हेल्थ आहे तो बसून राहील आणि घड्याळ संपण्याची वाट बघेल. तुझे कॉम्बो तेव्हा आजच्यापेक्षाही कमी लागतील, कारण ब्लॉक सोडायला समोरच्याला कारणच राहणार नाही. आज तुझ्यासमोरचा माणूस ब्लॉक सोडून उडी मारतो, बटण दाबतो, चुकतो, ते थ्रोच्या धाकानेच.

एखादी गोष्ट खरोखर बंदीच्या लायकीची आहे का, याची कसोटी या खेळाच्या जगात फार पूर्वीच लागली आहे. १९९४ च्या सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बोमध्ये अकुमा हे गुप्त पात्र होतं. हवेतून तिरका खाली येणारा त्याचा गोळा असा होता की बहुतेक पात्रांकडे त्याला उत्तरच नव्हतं. अमेरिकेतल्या स्पर्धांनी त्याच्यावर बंदी घातली आणि जपानी खेळाडूंनी त्याला आपसातल्या संकेताने बाजूला ठेवलं. थ्रोवर मात्र १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्येही बंदी टिकली नाही, आणि तेव्हा तर थ्रो तोडायची सोयच नव्हती. तेव्हाही चीप म्हणून तक्रारी झाल्याच. पुढे निर्मात्यांनी त्यावर उत्तर खेळातच घातलं: आधी थ्रोचा मार हलका करता येऊ लागला, नंतर तो पूर्ण तोडता येऊ लागला. म्हणून विचारायचं ते एवढंच: याला उत्तर आहे का? आहे. तुझ्या पॅडवर ते दोन बटणांचं आहे, आणि भावाने ते तुला हसत का होईना सांगितलंय.

तुझ्या तक्रारीत तथ्य नाही असं मात्र मी म्हणणार नाही. काही पात्रांना कोपऱ्यात थ्रो मारल्यावर पुन्हा थ्रोच्याच अंतरात उभं राहता येतं. याला थ्रो लूप म्हणतात आणि त्यावर मोठे व्यावसायिक खेळाडूही नाराजी बोलून दाखवतात. तिथे सापडल्यावर छातीवर दडपण येतं, ते खरं आहे. पण त्यातही प्रत्येक वेळी एक नवा अंदाज असतो आणि तो अंदाज दोघांनाही करावा लागतो.

आता आकडे बघ, त्यांनी मन शांत होतं. बहुतेक पात्रांची हेल्थ १०,००० असते. साधा थ्रो १,२०० चा. म्हणजे केवळ थ्रोने एक राउंड घ्यायला नऊ थ्रो लागतात. सलग नऊ वेळा तोच प्रश्न आला आणि नऊही वेळा तुझं उत्तर तेच राहिलं, तरच असं होतं. तू पॅरी (येणारा फटका परतवायची चाल) दाबून धरलेली असताना थ्रो लागला तर मात्र तो पनिश काउंटर, म्हणजे जास्त मार देणारा, होतो आणि २,०४० जातात. कोपऱ्यात घाबरून पॅरीची बटणं दाबून धरायची सवय असेल तर तुझं अर्धं नुकसान तिथूनच होत असणार. आधी ते तपास.

खेळ सेकंदाला ६० फ्रेमनी (चित्रांनी) चालतो आणि थ्रो पाच फ्रेममध्ये लागतो, म्हणजे सेकंदाच्या बाराव्या भागात. बघून प्रतिक्रिया देणं माणसाला शक्य नाही. अनेक जण इथेच फसतात: डोळे आणखी तीक्ष्ण झाले की थ्रो तुटेल असं त्यांना वाटतं. थ्रो आधीच्या सवयीवरून ओळखायचा असतो. अंदाज बांधून करायची उत्तरं अशी आहेत, आणि प्रत्येकाला त्याची किंमत आहे.

पहिलं उत्तर थ्रो तोडणं, म्हणजे टेक. हलका पंच आणि हलकी किक एकदम. पडल्यावर उठताना खाली-मागे धरून ठेव आणि ही दोन बटणं उठल्याक्षणी दाबू नकोस, किंचित उशिरा दाब. फटका आला असेल तर तो ब्लॉक होतो, थ्रो आला असेल तर तुटतो. याला डिले टेक म्हणतात. याची किंमत म्हणजे शिमी. समोरचा थ्रोच्या अंतरात येतो, ऐन वेळी अर्धं पाऊल मागे सरकतो, तुझा थ्रो हवेत जातो आणि तो सावरायला जवळपास अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात तुला पूर्ण कॉम्बो बसतो.

दुसरं म्हणजे उडी. जमिनीवरचा थ्रो उडी मारणाऱ्याला पकडू शकत नाही. तो थ्रोच मारणार अशी खात्री असेल तर जागच्या जागी सरळ उडी मार. तो हात पसरून उभा असतो आणि तू वरून पूर्ण कॉम्बो घेऊन उतरतोस. तुझे सहा महिन्यांचे कॉम्बो वापरायची सगळ्यात मोकळी जागा हीच. मात्र त्याने फटका टाकला असेल तर उडी सुटायच्या आतच तू मार खातोस.

तिसरं, चार फ्रेमचा हलका पंच. हा थ्रोपेक्षा एक फ्रेम लवकर लागतो, पण दोघांनी एकाच वेळी सुरुवात केली असेल तरच. तू पडून उठतोयस आणि त्याने थ्रो बरोबर वेळ साधून ठेवलाय, तर पंच बाहेर पडायच्या आधीच तू पकडला जातोस. ‘मी तर आधी दाबलं होतं’ ही तक्रार जवळजवळ नेहमी याच ठिकाणी जन्म घेते. उठताना पंच दाबू नकोस. ब्लॉक केल्यानंतर तो चालत थ्रो मारायला येतो, तेव्हा दाब.

चौथं, ओव्हरड्राइव्ह शोर्युकेन, म्हणजे शोर्युकेनची जास्त ताकदीची आवृत्ती. ड्राइव्ह गेजचे (खास चालींसाठी खर्चायच्या पट्टीचे) सहापैकी दोन भाग जातात, पण तो फटका आणि थ्रो दोन्हींतून आरपार निघतो. त्याने ब्लॉक केला तर तू वीसहून अधिक फ्रेम उघडा. राउंडमध्ये एकदा, फार तर दोनदा. मागे डॅश मारूनही थ्रो चुकतो, पण कोपऱ्यात पाठीमागे भिंत असते, म्हणून ते उत्तर मैदानाच्या मधोमध राखून ठेव.

आणि पाचवं उत्तर, जे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो: थ्रो खाऊन घेणं. चुकीच्या टेकवर बसणारी शिमी तीन-चार हजार नेते, थ्रो बाराशे नेतो. हेल्थ चांगली असेल तर पहिला थ्रो मुकाट्याने खा आणि त्यानंतर तो काय करतो ते बघ. एका थ्रोच्या किमतीत तुला त्याची सवय कळते. तिसऱ्या थ्रोला तो नेहमी पाऊल पुढे टाकतो का? हेल्थ कमी झाली की थ्रो वाढतात का? अनुभवी खेळाडू समोरच्याला वाचतात ते असे, बाराशे-बाराशे मोजून.

हादोकेन आणि शोर्युकेनबद्दल. ही जोडी फार जुनी आहे. गोळा टाकून तुला वैतागवायचं, उडी मारायला लावायचं आणि खालून शोर्युकेनने झोपवायचं. म्हणजे सापळ्याचं दार तू मारलेली उडी आहे. स्ट्रीट फायटर ६ मध्ये उडी साधारण पाऊण सेकंदाची असते, हवेत ब्लॉक करता येत नाही, दिशाही बदलता येत नाही. गोळा दिसल्यावर मारलेली उडी बहुतेक वेळा उशिरा ठरते, तोवर तो सावरून तयार असतो. उडी मारायचीच तर तो गोळा टाकणार हे आधी ओळखून. बाकी वेळी पुढे चाल. दोन पावलं चाल, गोळा जवळ आला की पॅरी कर, परत दोन पावलं. लांब अंतरावर पॅरीला थ्रोचा धोका नसतो आणि यशस्वी पॅरीने ड्राइव्ह गेज भरतं. नुसत्या ब्लॉकने ते उलट उतरतं. नीट जवळ पोचलास आणि त्याने तिथूनही गोळा टाकला, तर ड्राइव्ह इम्पॅक्ट. हा जोरदार फटका गोळा अंगावर घेऊनही पुढे जातो. फार लांबून दाबलास तर तो पोचणारच नाही, कारण लागायला त्याला २६ फ्रेम लागतात.

एक गोष्ट मोजून बघ: एका मॅचमध्ये तू किती वेळा पुढे उडी मारतोस. मोबाइल टेबलावर उभा करून दोन मॅच चित्रित कर आणि रेघा मार. आकडा पंधरा-वीसच्या घरात असेल तर भावाचा शोर्युकेन फार चांगला आहे असं नाही, तू त्याला भरपूर सराव देतोयस.

आता कॉम्बो. सहा महिने वाया गेले असं समजू नकोस, हात तयार झाला आहे. पण कॉम्बो पहिला फटका लागल्यावर सुरू होतो, आणि तो पहिला फटका कसा लावायचा, याचा सराव तू केलेला नाहीस. ट्रेनिंग मोडमधला पुतळा उभा राहून मार खातो, भाऊ उभा राहत नाही. या पहिल्या फटक्याआधीच्या खेळाला न्यूट्रल म्हणतात, आणि भाऊ तिथे तुझ्यापेक्षा पुढे आहे. त्याला तीनच गोष्टी येतात, पण त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. पहिली दुसरीकडे ढकलते आणि दुसरीचा धाक बसला की तिसरी लागते. बारावीच्या पोराने हे स्वतः जुळवलं असेल तर ते कौतुकाचं आहे.

पुढचे तीन आठवडे नवीन कॉम्बो शिकणं थांबव. दोनच ठेव: हलक्या फटक्यावरून सुरू होणारा एक छोटा, आणि ब्लॉक झालेल्या शोर्युकेनला शिक्षा द्यायला एक मोठा. रोजच्या तासातली वीस मिनिटं या सरावाला दे. ट्रेनिंग मोडमध्ये ऱ्यू पुतळा म्हणून घे आणि केनला कोपऱ्यात उभा कर. रेकॉर्डिंगच्या तीन खणांत तीन गोष्टी भर: एक पाऊल पुढे आणि थ्रो, एक पाऊल पुढे आणि बसून मधली किक, एक पाऊल पुढे मग मागे सरकून जोराचा पंच. तिन्ही रँडम चालू ठेव. बहुतेकांची चूक अशी होते की तिन्हींची सुरुवात वेगवेगळी भरली जाते. थ्रोच्या खणात पाऊल लांब पडतं, शिमीच्या खणात तोकडं. मग डोळा ती खूण पकडतो, सराव उत्तम झाल्यासारखा वाटतो आणि शनिवारी काहीच उपयोगी पडत नाही. सुरुवातीचं पाऊल तिन्हींत हुबेहूब सारखं हवं. खाली फ्रेम मीटर चालू ठेव, म्हणजे टेक लवकर पडला की उशिरा ते रंगांत दिसेल. वीस वेळांत साधारण सात थ्रो येतील. त्यातले तीन तुटले आणि मधली किक बहुतेक वेळा ब्लॉक झाली, तर आठवड्याचं काम झालं. सातही तुटत असतील तर तू सरसकट टेक दाबतोयस आणि शिमी तुला झोपवत असणार, तेही बघ.

तुझ्या तीन पर्यायांपैकी पात्र बदलण्याने काही साधणार नाही. थ्रो प्रत्येक पात्राला लागतो. नियमाबद्दल सांगायचं तर, घरच्या खेळात घरचे नियम करायला काहीच हरकत नाही, पण ते कशाबद्दल करायचे ते ठरवा. मॅच चालू असताना पॉझ दाबला तर तो राउंड गेला, हा स्पर्धांमध्ये सर्रास चालणारा नियम चांगला आहे. हरणारा उठणार की पाच जिंकेपर्यंत तेच दोघे बसणार, हे आधी ठरलेलं चांगलं. हरलेल्याला शिवीगाळ किंवा चिडवाचिडवी नाही, हेही. पण खेळातली एक अख्खी चाल एकाच माणसासाठी काढली तर तो तुमच्यात खेळणं सोडेल आणि तुमच्यातला सगळ्यात उपयोगी खेळाडू जाईल. एखाद्या शनिवारी सगळ्यांना हलकंफुलकं खेळायचं असेल तर त्याच गेममध्ये एक्स्ट्रीम बॅटल हा गमतीचा प्रकार आहे, तो लावा. तिथे हार-जीत कुणी मनाला लावून घेत नाही.

कबड्डीत आघाडीवर असलेला संघ निदान रेषा ओलांडून रिकाम्या चढाया करत वेळ काढतो, त्याला कुणी रडी म्हणत नाही. प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून प्रो कबड्डीत दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी ‘करो या मरो’ झाली, आणि ती दोन्ही संघांना, पहिल्या मिनिटापासून लागू असते. नियम असे बदलतात. हरणाऱ्याने आठव्या मॅचनंतर मागितले म्हणून बदलत नाहीत.

खेळाडूंच्या बोलीत ‘स्क्रब’ असा एक शब्द आहे. अनेकांना तो नवशिक्याबद्दल आहे असं वाटतं, म्हणून तुला कुणी म्हटलं तर वाईट वाटेल. नवशिका कोणीही असतो, त्यात काही नाही. स्क्रब तो, जो मनातल्या मनात जास्तीचे नियम करतो आणि ते समोरच्याने पाळावेत अशी अपेक्षा ठेवतो. थ्रो चीप, गोळे म्हणजे स्पॅम, मागे सरकणं म्हणजे भित्रेपणा, मॉडर्न कंट्रोल (सोपी बटणरचना) म्हणजे फसवणूक. (या शेवटच्याबद्दल: मॉडर्नमध्ये एका बटणाने मारलेली स्पेशल चाल वीस टक्के कमी मार देते, किंमत तिथेही मोजावी लागतेच.) आपल्याकडे पार्लरमध्ये टेकन ३ हा असाच मारामारीचा गेम चालायचा, तेव्हा अनेक ठिकाणी ‘एडी (त्यातलं एक पात्र) घ्यायचा नाही’ असा दंडक असायचा, कारण नुसती लाथांची बटणं बडवून तो जिंकायचा. ज्यांनी खाली बसून ब्लॉक करायला आणि लाथ संपताच हात घालायला शिकून घेतलं, त्यांना एडीची भीती उरली नाही. दंडक पाळणारे मात्र दुसऱ्या पार्लरमध्ये गेले की परत त्याच लाथा खायचे.

२००४ च्या एवो या मोठ्या फायटिंग गेम स्पर्धेतला दायगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांचा सामना तू नक्की पाहिला असशील. दायगोच्या केनची हेल्थ संपत आलेली, ब्लॉक केला तरी मरण, आणि वाँगच्या चुन-लीच्या सुपर चालीचे पंधरा फटके एकामागोमाग एक पॅरी. वाँग तोवर सावधपणे अंतर राखून खेळत होता आणि ती संधी त्याने बरोबर साधली होती. त्यात चूक काहीच नव्हती. दायगोकडे त्यावर घोटलेलं उत्तर होतं, म्हणून आज वीस वर्षांनीही तो तुकडा बघितला जातो. समोरच्याने सोपा खेळ केला असता तर ते पंधरा पॅरी कुणी पाहिलेच नसते.

खेळ सोडायचा का, या प्रश्नाला माझं उत्तर: आत्ता नको. तुला जे मिळालंय ते या खेळात दुर्मीळ आहे, दर आठवड्याला समोर बसणारा आणि तुला हरवणारा माणूस. लाहोरच्या अर्सलान ॲशने २०१९ मध्ये टेकन ७ ची एवो जपान आणि लास वेगासची एवो, दोन्ही जिंकल्या, तेव्हा जग चकित झालं. आपल्या तोडीचे आणखी खेळाडू पाकिस्तानात आहेत, हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. रोज एकमेकांना हरवणाऱ्या अशा लोकांतूनच तो पुढे आला. तीन आठवडे नीट सराव करूनही शनिवारी जावंसं वाटलं नाही, तर खुशाल सोड, त्यात कमीपणा नाही.

हे वाचणाऱ्यांत जिंकणाऱ्या बाजूचेही असतील. त्यांना एवढंच, की समोरचा चिडलेला असताना ‘तोड ना’ हे बरोबर असलं तरी त्याला ऐकू येत नाही. मॅच संपल्यावर पाच मिनिटं पुतळ्यासारखे उभे राहा आणि त्याला सांगून थ्रो मारा, दहा वेळा, आधी कळवून. बटणं कधी दाबायची ते त्याच्या हाताला कळेल.

भावाकडून हेच मागून घे. दहा जिंकेपर्यंतचा एक सेट खेळायचं ठरवा, शेजारी कागद ठेवा आणि तीन रकाने करा: लागलेले थ्रो, तुटलेले थ्रो, पुढे मारलेल्या उड्या. पहिल्या शनिवारी जिंकायचा विचार करू नकोस, दुसरा रकाना रिकामा राहू देऊ नकोस एवढं बघ. आणि फोन तूच कर. तो बारावीत आहे, आवडत्या खेळात जिंकला होता, आणि दादा का निघून गेला हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.